भट्टीचा मान

पन्हाळ्याच्या बाजूनं आभाळ भरून आलं की आमचे कुरणे सर शिकवता शिकवता थांबायचे. खडू खाली ठेवायचे, 'एक मिनिट हं' म्हणायचे आणि व्हरांड्यात जाऊन फोन लावायचे. पोरांना वाटायचं, सरांच्या घरी कुणीतरी आजारी आहे. मला खरं काय ते माहीत होतं, कारण स्टाफरूममध्ये आमचं टेबल एकच, अर्धं त्यांचं आणि अर्धं माझं. फोन त्यांच्या जुन्या कारखान्यातल्या केरबाला असायचा. 'केरबा, भंगार झाकलंस का रं? नुसतं वरनं नको, खालनं पण पाणी शिरतंय बघ.' तिकडून केरबा काहीतरी म्हणायचा, सर 'बरं, बरं' करायचे आणि वर्गात जाऊन तुटलेलं वाक्य तिथूनच पुढं सुरू करायचे.

मी लीला हावळ. त्याच कॉलेजात एमबीएच्या पोरांना अकाउंट्स शिकवते, पेठ वडगावहून रोज ये-जा करते आणि माझं तोंड फटकळ आहे असं सगळे म्हणतात. असू दे. गोड बोलणाऱ्यांनी ह्या प्रकरणात काय दिवे लावले ते मी डोळ्यांनी बघितलंय.

सरांचं नाव प्रसेनजीत कुरणे, मूळ गाव शिरोळ. डिप्लोमा करून ते एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लागले आणि निम्मं आयुष्य तिथल्या भट्टीवर घालवलं. भंगार वितळवायचं, लोखंडाचा रस करायचा, तो साच्यात ओतायचा आणि त्यातून पंपाचे नाहीतर इंजिनाचे भाग निघायचे, असं ते काम. सर भट्टीचे इनचार्ज झाले तेव्हा केरबा त्यांच्या हाताखाली होता. मग चाळिशीतच सरांना मोतीबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, रसाकडं बघून बघून झालाय, आता आग सोडा. तोवर सरांनी संध्याकाळच्या वर्गांना बसून एमबीए केलं होतं, पुढं पीएचडीही केली. आमच्या कॉलेजला तपासणी समितीपुढं दाखवायला कारखान्यात राबलेला माणूस हवाच होता. त्यांना घेतलं, पण दरवर्षी नव्यानं नेमणुकीची ऑर्डर काढायची ह्या बोलीवर. समिती आली की पहिल्या खुर्चीवर कुरणे सर, आणि समिती गेली की परत जूनमध्ये डायरेक्टरांच्या केबिनबाहेर उभे. मला ह्याची चीड यायची. सरांना यायची नाही, म्हणून मला जास्त यायची.

शिकवायचे मात्र झकास. प्रॉडक्शन मॅनेजमेंटच्या पहिल्या तासाला ते पिशवीतून एक ओतीव तुकडा काढायचे, मधोमध भोक पडलेला. तो बाकाबाकावरून फिरवायचे आणि विचारायचे, 'हे कुणी केलं?' पोरं पुस्तकातलं बोलायची, क्वालिटी, प्रोसेस, कंट्रोल. सर ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, 'पाण्यानं. साच्याच्या वाळूत चमचाभर ओल राहिली होती. तिची वाफ झाली आणि लोखंडातनं वाट काढून गेली. कारखान्यात पाण्याला हलकं समजायचं नाही.' पोरं लिहून घ्यायची. परीक्षेला त्यावर प्रश्न यायचा नाही, त्यामुळे विसरायची.

कारखाना बघायला पोरांना नेलं की गेटवर आधी सरांचीच तपासणी. चपला असतील तर बाहेर. नायलॉनची ओढणी असेल तर बॅगेत. त्यांच्याकडं जुन्या सुती शर्टांची एक पिशवी असायची, ते मुलींना वरून घालायला लावायचे. मुली नाकं मुरडायच्या, आपसात खिदळायच्या. 'हसा, पण घाला,' एवढंच ते म्हणायचे.

आता मूळ गोष्टीकडं येते. सरांच्या त्या जुन्या फौंड्रीचे मालक वारले आणि कारभार त्यांच्या मुलाकडं, पृथ्वीराजदादांकडं आला. दादा आमच्या संस्थेचे विश्वस्तही आहेत. माणूस वाईट म्हणवत नाही. हौशी आहे, बोलायला मोकळा आहे, आमच्या पोरांना नोकऱ्या देतो. त्यांनी अक्षय तृतीयेला नवी भट्टी सुरू करायची ठरवली आणि आम्हा सगळ्या स्टाफला, शेवटच्या वर्षाच्या पोरांना आमंत्रण दिलं. आम्ही बस करून गेलो. भट्टीच्या कट्ट्यासमोर लाल गालिचा, खुर्च्या, गुलाबपाण्याचा फवारा, कॅमेरेवाले. खुर्च्या बघितल्या तेव्हाच सर अस्वस्थ झाले. 'एवढ्या जवळ कशाला मांडल्यात?' असं ते माझ्याशी पुटपुटले.

भट्टीला नारळ द्यायची पद्धत तिथं जुनीच आहे. पण थोरल्या मालकांच्या काळात भट्टी थंड असताना पायरीवर नारळ वाढवायचे, पाणी तिथंच सांडायचं आणि खोबरं वाटायचं. दादांच्या डोक्यात काहीतरी भव्य करायचं होतं. भट्टीत निम्मा रस तयार ठेवला होता, डोळे दिपतील असा पिवळाधमक. दादा हळदकुंकू लावलेला अख्खा नारळ, शेंडीसकट, दोन्ही हातांत धरून कट्ट्यावर चढले. तो जिवंत रसात अर्पण करायचा, आणि लगेच वरून क्रेनला टांगलेली भंगाराची बादली ओतून पहिला घाणा पुरा करायचा, असा कार्यक्रम. कॅमेरेवाले पुढं सरकले. आमची पोरं मोबाइल काढून उभी राहिली.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झालेली मला कळलीसुद्धा नाही. बघते तर सर कट्ट्यावर. त्यांनी दादांचं मनगट धरलं होतं.

'दादा, हा नको. ह्याच्यात पाणी हाय,' सर म्हणाले. हळूच म्हणाले, पण माइक जवळ होता, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

दादा हसले. त्यांना आधी ती चेष्टा वाटली. सरांनी हात सोडला नाही. मग दादांचं हसू हळूहळू ओसरलं, त्यांनी नारळ ताटात ठेवला आणि खाली उतरून पायरीवर वाढवला. टाळ्या पडल्या, पण त्या लग्नात भांडण झाल्यावर वाजंत्री वाजवतात तशा. केरबा भट्टीजवळ उभा होता. त्यानं सरांकडं बघितलं नाही, भट्टीला हात जोडले.

परत येताना बसमध्ये मी सरांना विचारलंच. 'एवढ्याशा नारळानं काय होणार होतं हो?'

'मॅडम, पुऱ्या तळताना तेलावर पाण्याचा थेंब पडला तर काय होतं?'

'तडतडतं.'

'वर पडला म्हणून तडतडतं. नारळ नुसता टाकला तर तोही वरच तरंगतो, जळतो, फुटतो, ठिणग्या उडतात. पण त्याच्यावर भंगार ओतलं की तो रसाखाली दाबला जातो. खाली पाण्याची वाफ झाली की तिला वर यायला वाट नसते. ती रस घेऊनच वर येते.' मग मागं पोरांकडं बघून म्हणाले, 'पहिल्या रांगेत आपली पोरं होती.'

मला पटलं. मी अंबाबाईला नारळ देते, घरी प्रत्येक कार्याला देते, तरी मला पटलं. पण त्याआधी कारखान्यातच चहाच्या वेळी मी कानांनी काय ऐकलं ते सांगते. दोघी-तिघी पाहुण्या बोलत होत्या. एक म्हणाली, 'त्यांच्यात नारळ चालत नाही ना, म्हणून अडवला.' दुसरी म्हणाली, 'अगं, बौद्ध आहेत ते. आपल्या देवाचं त्यांना काय.' मी तिथंच त्यांना सुनावलं, पण शब्द एकदा फिरायला लागला की तो आपण थांबवून थांबत नाही. संध्याकाळपर्यंत आख्ख्या एमआयडीसीत तेच झालं होतं. सरांनी पाणी म्हटलं होतं, लोकांनी धर्म ऐकला.

दुसऱ्या दिवशी डायरेक्टरांनी बोलावलं. मीही मागोमाग गेले, कुणी बोलावलं नव्हतं तरी. सरांनी सगळं शास्त्र समजावून सांगितलं. डायरेक्टर म्हणाले, 'सर, विज्ञान मलाही कळतं. पण काल मी दादांचा चेहरा बघितलाय.' त्या वर्षी सरांची ऑर्डर जूनमध्ये निघाली नाही. 'बघू, बघू' चालू राहिलं आणि सर ऑर्डरीशिवाय शिकवत राहिले.

आषाढात पाऊस लागला तो चार दिवस उघडलाच नाही. सरांनी सकाळीच फोन केला होता. मी शेजारीच होते. 'झाकलंय की, ताडपत्री हाय, काळजी करू नगासा,' केरबाचा आवाज मलाही ऐकू आला होता. दुपारी आम्ही पोरांच्या तोंडी परीक्षा घेत होतो. सरांचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, फोन टेबलावर ठेवला आणि समोरच्या मुलीला म्हणाले, 'तू छान सांगितलंस, जा.' ती गेली. मग मला म्हणाले, 'भट्टी उडाली. केरबा भाजलाय.'

भंगार झाकलेलं होतं, ते खोटं नव्हतं. पण त्यात दोन्ही तोंडं चेपलेला एक नळीचा तुकडा होता, आणि त्याच्या पोटात आधीच कुठलंतरी पाणी साठलेलं. तो बादलीतून गेला, रसाखाली गेला आणि सर बसमध्ये म्हणाले होते तेच झालं. छपराचे पत्रे फाटले. केरबाची मान, डावा हात भाजला आणि एक डोळा गेला. जीव वाचला ते त्याचं नशीब.

आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा तो पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला होता. सर त्याच्या उशाशी बसले, त्याचा बरा हात हातात घेतला. केरबानं त्यांचा हात दाबला. मग म्हणाला, 'सर, तुम्ही आमच्या चांगल्यासाठीच केलासा. म्या काय तुमाला दोष देत न्हाई.'

'काय केलं रं मी?'

'भट्टीचा मान ऱ्हायला की ओ. तोंडापातूर आलेला नारळ परत नेला. ती उपाशी ऱ्हायली.'

सरांनी त्याला समजावलं नाही. एरवी हा माणूस वर्गात साध्या गोष्टीसाठी चार-चार आकृत्या काढायचा. तिथं नुसतं त्याचं पांघरूण सारखं करत राहिला. जिन्यात मात्र भिंतीला हात लावून थांबले आणि म्हणाले, 'ह्यालाच मी शिकवलं होतं मॅडम. भंगारातली बंद नळी बघायला ह्यालाच शिकवलं होतं.' मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

नवीन अस्तर भरून भट्टी दुरुस्त झाली, पण तिच्यावर चढायला कुणी तयार होईना. कामगार सांगून मोकळे झाले की भट्टी कोपलीय, आधी मान द्या. दादांनी तातडीनं नारळ आणला, तर तेही चालेना. ज्यानं अडवला त्याच्याच हातानं द्यायचा, असं ठरलं. कुणी ठरवलं, कोण जाणे. अशा गोष्टी कुणी ठरवत नाही, त्या ठरतात आणि मग कुणाला मोडता येत नाहीत.

दादा स्वतः कॉलेजात आले. सरांसमोर हात जोडले. 'सर, मला माहीत आहे तुमचं काय म्हणणं आहे. पण माणसं कामावर येत नाहीत, परदेशी ऑर्डर अडकलीय. एवढा नारळ द्या, विषय संपवा.' डायरेक्टर मागंच उभे होते. ते गोड आवाजात म्हणाले, 'तुमची ऑर्डरपण तयारच आहे सर, फक्त सही राहिलीय.'

दादा गेल्यावर मी सरांवर भडकले. 'जायचं नाही. तुम्ही बरोबर होता, अजून आहात. नोकरी गेली तर गेली, दुसरीकडं मिळेल.'

'नोकरीसाठी जात नाही मी,' सर म्हणाले. 'मी नाही गेलो तर आठ-दहा दिवसांत कुणीतरी घाबरून गुपचूप नारळ टाकणार आणि वरून बादली ओतणार. मी टाकला तर माणसं तरी लांब उभी करीन.'

आधी त्यांनी एक तोड काढून बघितली. बाजारातून सुक्या खोबऱ्याचा गोटा आणला आणि दादांकडं पाठवला. अख्खा आहे, गोल आहे, पाणी नाही, हा अर्पण करतो, असं कळवलं. संध्याकाळी गोटा परत आला. कामगारांचा निरोप होता की हे वाण्याकडचं खोबरं झालं, ह्याला शेंडी कुठाय? सरांनी तो गोटा टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडं बघून जरा हसले. मी हसू शकले नाही.

नारळ द्यायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. नको म्हणत होते, पण माझ्यापुढं कुणाचं चालत नाही. सरांनी आत गेल्या गेल्या खुर्च्या उचलायला लावल्या. सगळ्या माणसांना शेडच्या पार टोकाला, खांबांमागं उभं केलं. दादांनाही. भंगाराची बादली क्रेनवरून उतरवून बाहेर नेऊन ठेवायला सांगितली, आणि ती खरंच बाहेर गेली का ते स्वतः जाऊन बघितलं. भट्टी विजेवरची, तिची वीज बंद केली. जाड कोट घातला, तोंडावर काच घेतली. केरबाला आणलं होतं, एका डोळ्याला पट्टी. तो माझ्याजवळ उभा होता, सारखे ओठ हलवत.

सर एकटे कट्ट्यावर चढले. त्यांनी नारळ लांब चिमट्यात धरला आणि रसावर अलगद ठेवला. टाकला नाही, ठेवला. मग मागं सरकून उभे राहिले. नारळ तरंगला. शेंडीनं भपकन पेट घेतला, करवंटी काळी पडली, फट्ट असा आवाज झाला आणि मूठभर ठिणग्या त्यांच्या बाहीवर आल्या. थोड्या वेळात तिथं नुसती राख फिरत होती.

शेडमध्ये जल्लोष झाला. दादा पळत आले आणि त्यांनी सरांना मिठी मारली. 'बघा सर, काय झालं? काही नाही झालं.' केरबानं वाकून सरांच्या पायांना हात लावला. सर 'अरे, अरे' करत मागं झाले. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं सरांना नारळ अर्पण करताना बघितलं होतं. बाहेर ठेवलेली बादली कुणीच बघितली नव्हती.

कुणीतरी खांबामागून मोबाइलवर सगळं काढलं होतं. रात्रीपर्यंत ते एमआयडीसीच्या प्रत्येक ग्रुपवर गेलं. खाली लिहिलेलं, एमबीएचे सर स्वतः भट्टीला मान देताना. दुसऱ्या फौंड्रीवाल्यांचे सरांना फोन यायला लागले. कुणी मुहूर्त विचारे, कुणी नारळाला पाच बोटं कुंकू लावायचं का ते विचारे. सर प्रत्येकाला बादलीचं सांगायचे. ते 'हो हो, कळलं' म्हणायचे, आणि फोन ठेवता ठेवता विचारायचे, 'पण टाकायचा अख्खाच ना?' सरांची ऑर्डर निघाली, सहीसकट. डायरेक्टरांनी पेढा दिला. मी घेतला नाही.

वर्गात सरांनी त्या विषयावर दोन तास घेतले. आकृती काढली, रस, नारळ, त्यावर भंगार, खाली वाफ. अदिती नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसते, हुशार आहे, बोलायला धीट आहे. तिनं हात वर केला. 'पण सर, तुम्ही टाकलात तेव्हा काहीच झालं नाही.' सरांनी पुन्हा समजावलं. तिनं मान हलवली. पोरं कशी मान हलवतात ते मी इतकी वर्षं बघतेय, मला त्या मान हलवण्याची भीती वाटली.

त्याच अदितीला दादांनी ट्रेनी म्हणून घेतलं. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा असते. दसरा झाल्यावर ती पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली, नवीन ड्रेस, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, आनंदानं नुसती फुललेली. 'सर, ह्या वेळी नारळ द्यायचा मान मला दिला. दादा म्हणाले, कॉलेजचा मान कॉलेजकडंच राहू दे.' तिनं मोबाइल पुढं केला.

त्यात ती कट्ट्यावर उभी होती. तोंडावर काच नाही, ओढणी खांद्यावरून लोंबतेय, मागं माणसांची ही गर्दी, बायका, लहान पोरं. तिनं नारळ रसात फेकला. आणि केरबानं, एका डोळ्याच्या केरबानं, क्रेनवाल्याला हात केला. वरून बादली आली आणि सगळं भंगार त्याच्यावर ओतलं गेलं. मोठा धूर झाला, रस उकळीसारखा वर आला, काठापर्यंत आला आणि बसला. गर्दीनं जयजयकार केला.

'बघितलंत सर? वरून भंगाराचा चार्जपण टाकला, तरी काही झालं नाही,' अदिती म्हणाली. 'आता दर अमावस्येला द्यायचा ठरलाय.'

सरांनी ते चित्रण तीनदा बघितलं. रस वर येतो तिथं थांबवून बघितलं. तिला ओरडले नाहीत. 'नारळात पाणी कमी असेल,' एवढंच म्हणाले, आणि तिला वाटलं सर चेष्टा करतायत.

त्याच संध्याकाळी ते दादांकडं गेले. दर अमावस्येचा नारळ मी देणार, असं सांगितलं. दुसऱ्या कुणी द्यायचा नाही. मी देताना कट्ट्यावर कुणी नको, शेडमध्ये कुणी नको, आणि मी खाली उतरल्याशिवाय बादली आत आणायची नाही. दादांना केवढा आनंद झाला. 'तुमच्या हाताला यश आहे सर,' ते म्हणाले.

तेव्हापासून हे चालू आहे. अमावस्या आली की सर सकाळी लवकर एमआयडीसीत जातात आणि त्यांचा पहिला तास मी घेते. पोरांना आता सवय झालीय. 'सर नारळाला गेलेत का?' असं विचारून हसतात. मी त्यांना ताळेबंद शिकवते आणि कान दाराकडं असतात. सर येतात, बाहीला जळका वास येतो, ते खडू घेतात आणि मी बाहेर पडते. मागच्या खेपेला त्यांच्या भुवईचे केस जळलेले होते. मी विचारलं तर म्हणाले, 'करवंटी जरा जास्त उडाली.'

परवा मात्र मला राहवलं नाही. 'हे किती दिवस चालवणार आहात?' मी स्पष्टच विचारलं. 'तुमचं वय काय, डोळे काय. एक दिवस तुमच्यावर येईल ते.'

'येईल की,' सर म्हणाले. 'एकदा होणारच आहे मॅडम, कुठल्यातरी नारळाचं. झालं तर माझ्यावर होऊ दे, बाकी सगळी बाहेर असतील. आणि एकदा झालं की त्यांना पटेल, मग हे बंद करतील.'

एवढं बोलून ते पोरांचे पेपर तपासायला लागले. इतकी फटकळ बाई, पण पुढचं माझ्या तोंडातून निघालं नाही. कारण ह्या माणसांना मी आता ओळखते. सरांचं काही झालं तर त्यांना काहीही पटणार नाही. ते म्हणतील, ह्यांच्या मनात भाव नव्हता, म्हणून भट्टीनं नारळ घेतला नाही. आणि दुसऱ्या दिवशी केरबा नवा नारळ घेऊन कट्ट्यावर चढेल, आणि त्याच्या शेजारी अदिती उभी असेल.

उद्या अमावस्या आहे. सरांचा पहिला तास मीच घेणार आहे.